सप्तकोनाचं प्रूफ

वंदना, मी तुझ्या मयतीला आलो नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. शेजारच्या टेलरनं डोकावून विचारलं, "काकाजी, तुमची मॅडम गेली म्हणतात, तुमी जाऊन नाही राह्यले?" मी म्हणालो, अंगात ताप आहे. ताप-बीप काही नव्हता. तुझ्या घरच्यांसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती. तिथं कोणी ना कोणी विचारलंच असतं, की रविवारचा दिवस, शाळेला सुटी, घरी कापूस वेचायला बाया लागलेल्या, आणि अशात ही सकाळी सकाळी ऑटोत बसून आदिलाबादला कशाला निघाली होती. त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी बोलावलं होतं म्हणून.

त्याला आज एकोणीस दिवस झाले. काल शेवटी तुझ्या घरी जाऊन आलो. तिथं काय झालं तेच सांगायला बसलोय, पण एकदम तिथवर माझ्याच्यानं जाववत नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे. आणि मधे मधे तोंड घालू नकोस. तुला ती सवय वाईट होती. मी वाक्य अर्धं बोललो की उरलेलं तूच पुरं करायचीस, आणि बहुतेक वेळा बरोबर करायचीस, त्याचाच मला जास्त राग यायचा.

पहिल्यांदा आलीस तेव्हा मी तुला पत्रिकेचं गिऱ्हाईक समजलो होतो. माझ्या दुकानात दुसरं येतं कोण? लग्नपत्रिका, पावतीबुकं, तेरवीची कार्डं, एका बाजूला तेलुगू आणि दुसऱ्या बाजूला मराठी. मी नमुन्यांचं पुस्तक तुझ्यापुढं सरकवलं तर तू ते बाजूला केलंस आणि पर्समधून एक चुरगळलेला कागद काढून टेबलावर ठेवलास. त्याच्यावर कोनमापक ठेवलंस. म्हणालीस, "काकाजी, हा पंचकोन मोजा."

मी म्हणालो, "कायले? मी प्रेसवाला हाय, मास्तर नाही."

"मास्तर मी हाय जी. जैनथकडं मराठी शाळेत गणित शिकवतो. तुमी मोजा तं खरं."

मी मोजला. वरचा कोन एकशे तेवीस भरला. तू म्हणालीस, सुसम पंचकोनाचा कोन एकशे आठ असतो, सगळ्या पाची कोपऱ्यांत. कोणत्यातरी गाईडाच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती ती. कोणीतरी चित्र चौकटीत बसवायला आडवं ओढलं होतं, म्हणून पंचकोन बसका झाला होता. तुझ्या वर्गातल्या एका पोरीनं त्याच्यावर कोनमापक ठेवून मोजलं, एकशे तेवीस लिहिलं, आणि तिच्या उत्तरावर फुली बसली. "तिनं खरं मोजलं, खरं लिवलं, तरी चुकलं म्हणे. तवापासून ती मोजतच नाही. बाजूच्या पोट्टीचं पाहून लिवते," तू म्हणालीस. हे सांगताना तुझा आवाज चढला होता. फुली मीच मारली असल्यासारखी तू माझ्याकडं बघत होतीस.

आणि खरं सांगू का, मी मारली नसली तरी माझ्या धंद्यानं मारली होती. चौकट रिकामी दिसली की चित्राचा कोपरा धरायचा आणि ओढायचा, हे मी वीस वर्षं करत आलो. गणपती ओढले, नवरानवरी ओढले, कोणी तक्रार केली नाही. पंचकोन ओढला तर एखाद्या पोरीचे मार्क जातात, हे मला साठीच्या पुढं कळलं.

तुला भूमितीचं एक पुस्तक काढायचं होतं. मराठीत, सहावी-सातवीच्या पोरांसाठी, सगळ्या आकृत्या मोजल्या तर बरोबर निघतील असं. मी म्हणालो, हात्तिच्या, त्यात काय, माउसनं मिनिटात काढून देतो. काढलाही. प्रोग्राममध्ये तयार बहुभुज असतो, बाजू पाच सांगितल्या की पाच येतात. मी खुशीत तुझ्याकडं पाहिलं. तू माउस माझ्या हातातून घेतलास, माझ्या पंचकोनाचा कोपरा धरलास आणि ओढलास. झाला बसका. "असा ओढता येते, म्हणून नको," तू म्हणालीस. पाणउतारा करायचा आणि वर हसायचं, ही तुझी रीत.

मग तू पेनड्राइव्ह लावून ते लाटेक का काय ते सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर चढवलंस. तू एम.एस्सी.ला असताना तुझ्या मास्तरांनी तुम्हाला शिकवलं होतं म्हणे. त्यात चित्र हातानं काढायचंच नसतं. हुकूम लिहायचे. मध्यापासून इतक्या सेंटीमीटरवर, इतक्या अंशावर एक बिंदू. बहात्तर अंश पुढं दुसरा. आणखी बहात्तर पुढं तिसरा. त्यांना रेघेनं जोड. मग बटण दाबायचं की पान तयार. कोपरा धरायची सोयच नाही. ओढायचा असेल तर ओढ असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे मुद्दाम खोटेपणा करावा लागतो. मला ते पटलं, पण तुझ्यासमोर कबूल करायचं कशाला? मी म्हणालो, हे लिहिण्यापेक्षा माणूस आंधळा झालेला बरा.

मला कशानं जिंकलं ते तुला कधी सांगितलं नाही. शेवटच्या हुकमानं. बिंदूंची माळ संपली की "सायकल" असं लिहायचं, म्हणजे रेघ जिथून निघाली तिथं परत जाऊन मिळते. मी म्हणालो, पहिलाच बिंदू परत लिहिला तर? तू म्हणालीस, लिहून पाहा. लिहिलं. रेघ जाड केली तर त्या एका कोपऱ्यात खाच दिसायला लागली, बाकीचे चार कोपरे धड आणि हा एक तुटका. सायकल लिहिलं आणि खाच गेली. वंदना, मी पोरगा होतो तेव्हा शिशाची अक्षरं जुळवायच्या, खिळ्यांच्या छापखान्यात होतो. चौकट करायला पितळी पट्ट्या असायच्या. दोन पट्ट्या कोपऱ्यात मिळवायच्या तर कानशीनं घासून घासून बोटं सोलायची, तरी कागदावर कोपरा उघडा दिसायचा आणि मालक कानाखाली द्यायचा. तिरप्या रेघेचं तर नावच नको, त्रिकोण असला की नागपूरहून ब्लॉक करून आणायचे. आणि तू एक शब्द लिहिलास आणि कोपरा बंद झाला. त्या दिवशी तू गेल्यावर मी एकटाच दहा-बारा बहुभुज काढत बसलो. जेवणाचं भान राहिलं नाही.

त्यानंतर तू दर आठ-पंधरा दिवसांनी, रविवारी, यायला लागलीस. तुझी ती गुलाबी छत्री दारात उघडी करून ठेवायचीस, ऊन असो की पाणी. मी शिकलो, पण किती जीव खाल्ला मी तुझा. पहिला आठवडा तर मशीन माझं एकही काम ऐकेना. प्रत्येक वेळी लाल अक्षरात काहीतरी बोंब. मी तुला फोन केला, तुझं सॉफ्टवेअर भंगार आहे, घेऊन जा. तू आलीस, पाहिलंस, आणि खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागलीस. चाळीस वर्षं मराठी जुळवणाऱ्या माणसानं बहात्तर हा आकडा मराठीत टाकला होता. मशीनला आपले आकडे कळत नाहीत हे मला कोण सांगणार? "काकाजी, पानावर मराठी लिवा, हुकमात इंग्रजी आकडे लिवा," तू म्हणालीस. मी म्हणालो, म्हणजे इथंही तहसीलसारखंच आहे, अर्ज एका भाषेत आणि शेरा दुसऱ्या. त्यावर तू आणखी हसलीस. माझ्या दुकानात तेवढं हसणं बायको गेल्यापासून झालं नव्हतं.

सप्तकोनावरून झालं ते मात्र खरं भांडण होतं. तीनशे साठाला सातानं भागलं की एकावन्न येतात आणि शेपूट उरतं. मी शेपूट कापलं. एकावन्न, एकावन्न, एकावन्न करत गेलो आणि शेवटी सायकल लिहून बंद केलं. दिसायला देखणा. तू पर्समधून कर्कटक काढलंस आणि एक-एक बाजू मोजायला लागलीस. सहा बाजू सारख्या. सातवी दीड मिलिमीटर मोठी. दुकानात पत्रिकेवाले दोन गिऱ्हाईक बसले होते, त्यांच्यासमोर तू म्हणालीस, "हे चुकलं काकाजी."

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "दीड मिलिमीटर! दीड मिलिमीटरनं कोणाचं काय अडून राह्यलं?"

"त्या पोट्टीचं अडते जी. ती मोजन ना."

"मंग सप्तकोन काढूनच टाक. पट्टी-कंपासनं तो येत नाही असं तूच म्हणते. पुस्तकात ठेवते कायले?"

"हातानं येत नाही म्हणून तं ठेवतो. छापलेला तरी एकदा खरा पाहू द्या त्यायले. आन तुमी भागू नका. भागाकार मशीनले करू द्या."

तीनशे साठ भागिले सात असं तसंच लिहायचं, हे तू मला तेव्हा शिकवलंस. पण मी हार मानणारा आहे का? मी म्हणालो, तो भागाकार संपतच नाही. मशीन तरी कुठं पुरा करते? तीही कुठंतरी शेपूट कापतेच, फक्त लांब जाऊन कापते. म्हणजे तुझाही सप्तकोन खोटाच. यावर तू गप्प झालीस. तुला गप्प केल्याचा मला इतका आनंद झाला की मी दोन चहा सांगितले. तू चहा संपवलास आणि म्हणालीस, "विचार करून सांगतो काकाजी." ते उत्तर राहिलं. मी अजून त्या उत्तराची वाट पाहतो, बरं का. एकदा-दोनदा तू विषय काढायला गेलीस तर मीच टाळला, कारण तुझ्याजवळ उत्तर असेल अशी मला भीती होती.

आता त्या सहीचं सांगतो. माझ्या दुकानात भिंतीवर पाटी आहे, प्रूफावर सही झाल्याशिवाय छपाई नाही. फार वर्षांपूर्वी एका पत्रिकेवर नवरदेवाच्या जागी त्याच्या थोरल्या भावाचं नाव छापून गेलं. थोरल्याचं लग्न आधीच झालेलं. गावात काय तमाशा झाला तो तुला मी रंगवून सांगितला आहे. तेव्हापासून गिऱ्हाइकानं स्वतः यायचं, प्रूफ वाचायचं, "छापण्यास हरकत नाही" असं लिहायचं आणि सही करायची. ही माझी रीत. तुझ्या पुस्तकाचं एक-एक प्रकरण झालं की तू येऊन सही करायचीस.

पण एकदा तू बसली असताना नेरडीगोंड्याच्या एका माणसाचा फोन आला. मी त्याला पत्रिकेचा फोटो पाठवला होता, त्यानं तिकडून ओके म्हटलं, आणि मी पोऱ्याला मशीन सुरू करायला सांगितलं. तू पाहिलंस. पाटीकडं पाहिलंस, माझ्याकडं पाहिलंस. "त्याचं फोटोवर चालते. माझंच काऊन नाही चालत?" तू विचारलंस. मी म्हणालो, पत्रिका वेगळी, गणित वेगळं, मिलिमीटर फोटोत दिसत नाही. तू बरं म्हणालीस. तुला खरंच पटलं होतं, की माझी लाज राखायला तू नुसतं बरं म्हणालीस, हे मला कळलं नाही. ती पाटी दोन-तीन वर्षांपासून नावापुरती आहे, वंदना. सगळ्यांचं फोटोवरच चालतं. बाजारहत्नूर असो की आणखी कुठं, कोणी येत नाही. आदिलाबादला यायचा खर्च आणि दिवस कोण घालवतो? यावं लागायचं ते एकट्या तुलाच.

मी एकटा असतो. मुलगा हैदराबादेत, त्याचा फोन सणाला येतो. दिवसभर गिऱ्हाईक येतं, पण ते घाईत असतं. तू आलीस की दोन तास जायचे. तू भांडायचीस, माझी चूक काढायचीस, शाळेतल्या पोरांच्या नकला करायचीस. तू जायला निघालीस की मी मुद्दाम आणखी एक पान काढायचो, हे एवढं पाहून जा म्हणायचो. कोणत्या तोंडानं तुला सांगणार होतो की सही-बिही काही नको, नुसती ये? म्हाताऱ्या माणसाला ते शोभत नाही. म्हणून मी पाटीकडं बोट दाखवायचो.

त्या शनिवारी शेवटचं प्रकरण निघालं. त्यात तो सप्तकोन होता. तुला पुस्तक पोरांच्या हातात लवकर द्यायचं होतं, या तेलुगू मुलखात पुढच्या वर्षी मराठीचे वर्ग राहतात की नाही याचा तुला भरवसा नव्हता. संध्याकाळी मी फोन केला.

"फोटो पाठवून द्या ना काकाजी," तू म्हणालीस. "उद्या बाया सांगतल्या कापूस वेचाले. आत्याबाई एकट्या हायत." सासूला तू आत्याबाई म्हणायचीस.

मी म्हणालो, "सही पाह्यजे. सही नाही तं छपाई नाही. सोमवारी मी दुसरं काम चढवतो, मंग पंधरा दिवस बसजो."

दुसरं काम नव्हतं. फोनात तुझ्या मागं कोणीतरी काहीतरी बोललं. मग म्हणालीस, "बरं, येतो जी. सकाळच्या ऑटोनं येतो, बारापर्यंत वापस जातो."

शेजारच्या तेलुगू बाईनं संक्रांतीचे सकिनालू दिले होते, तांदळाच्या पिठाचे, तुला आवडायचे ते. मी डबा टेबलावर काढून ठेवला. प्रूफ ठेवलं, पेन ठेवला, त्याची शाई चालते का पाहिलं. नऊ वाजले, साडेनऊ, दहा. दहाला मी फोन केला. उचलला नाहीस. मला राग आला. टेलरला म्हणालो, आजकालच्या पोरींना दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही. परत केला. परत केला. तिसऱ्यालाही नाही म्हटल्यावर मनातल्या मनात तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. चौथ्या वेळी फोन उचलला गेला. एका अनोळखी माणसाचा आवाज आला. तेलुगूत विचारलं, तुम्ही कोण? ही बाई तुमची कोण लागते?

मी फोन कापला.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तो माणूस तुझा माणूस शोधत होता आणि मी फोन कापला. तू तेव्हा जिवंत होतीस की नव्हतीस, तेही मी विचारलं नाही. दुपारी टेलरकडूनच कळलं. कापसानं भरलेला ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंनी फुगलेला, सारा रस्ता अडवून येत होता. ऑटोवाल्यानं वळणावर गाडी खाली घातली आणि ऑटो उलटला. बाकीच्यांचे हात-पाय मोडले. तू कडेला बसली होतीस.

नंतरचे दिवस मी काय केलं सांगू? मोजत बसलो. तुझ्यासारखंच एक कर्कटक आणि कोनमापक विकत आणलं आणि पहिल्या पानापासून एक-एक आकृती मोजली. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, सगळे. प्रत्येक बाजू, प्रत्येक कोन. अ, ब, क, ड ही अक्षरं योग्य शिरोबिंदूला आहेत का पाहिलं. शेवटच्या प्रकरणावर तर तीन दिवस घालवले. मला एक चूक पाहिजे होती, वंदना. एक, लहानशी. एखादा कोन, एखादी वेलांटी. तू आली असतीस आणि ती पकडली असतीस, पुस्तक चुकण्यापासून वाचलं असतं, म्हणजे तुझ्या येण्याला काहीतरी कारण होतं असं मी स्वतःला म्हणू शकलो असतो. सापडली नाही. तू मला चांगलं शिकवलं होतंस. सप्तकोनाच्या सातही बाजू सारख्या होत्या.

मग मी छापून टाकलं. सही नाही, काही नाही. मशीन रोज चालते तशी चालली. पानं निघाली, मोडली, टाचली. संध्याकाळपर्यंत गठ्ठे बांधून झाले. पाटी भिंतीवर होती तशीच होती. मी ती काढायला स्टुलावर चढलो आणि तसाच उतरलो, कारण काढून आता काय उपयोग.

काल बसनं जैनथला उतरलो आणि तिथून ऑटो केला. ते वळण आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. तुझ्या घरी तुझा नवरा विलास ओसरीवर होता, तुझी सासू कापसातला काडीकचरा वेचत बसली होती. दोघांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी नाव सांगितलं तर विलास म्हणाला, "मालूम हाय. बसा." पाणी दिलं. मी पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, मला काही सांगायचं आहे. त्या दिवशी ती माझ्याकडं येत होती. मी बोलावलं होतं.

तो म्हणाला, "तेबी मालूम हाय. फोनात तुमचेच कॉल हायत, चार. आमी वाट पाह्यली तुमी कवा येता."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यानं पुस्तक उचललं आणि पहिल्या पानापासून पाहायला लागला. घाई नव्हती त्याला. पानावरच्या आकृतीवर हाताचा अंगठा ठेवायचा, मग पुढचं पान उलटायचा. तुझं नाव होतं तिथं जरा जास्त थांबला. तुझ्या सासूनं विचारलं, "हे शाळेतल्या पोट्ट्यायले भेटन का?" मी म्हणालो, सोमवारी शाळेत पोचवतो. तिनं मान हलवली आणि परत कापसात हात घातला.

शेवटचं पान झाल्यावर विलासनं विचारलं, "काय चूक व्हती काकाजी? कोणती चूक काढाले बलावलं व्हतं तिले?"

मी वाटेनं हजार गोष्टी ठरवून गेलो होतो. तुझ्याशी खोटं बोललो, टेलरशी बोललो, पण तो माणूस पुस्तक मांडीवर घेऊन माझ्याकडं पाहत होता आणि माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हणालो, "चूक नव्हती."

"मंग?"

"फोटोवर झालं असतं. बाकीच्यायचं फोटोवरच होते. मी दुकानात एकटा राह्यतो बापा. ती आली की दोन गोष्टी होत. म्हणून बलावत जावो."

सासूचे हात थांबले. विलासनं पुस्तक मिटून आईजवळच्या पाटावर ठेवलं, नीट, कडा सरळ करून.

मग म्हणाला, "हप्त्यात एक रविवार भेटे तिले. आमालेबी वाटे ना काकाजी, घरी राहावं तिनं, दोन गोष्टी कराव्या."

वंदना, दोन वर्षांत तू हे मला एकदाही म्हणाली नाहीस.